५८ पानांचा कागद

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या रविवार पुरवणीत सरकारी वकिलांवर एक लेख आला होता. राज्यात सरकार बदललं की जिल्हा सरकारी वकील बदलतो, मग तो जनतेचा वकील कसा, असा लेखकाचा सवाल होता. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील, म्हणजे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, लोक मतं देऊन निवडतात. आपणही तसंच करावं, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचा राग मला कळतो. मी ३१ वर्षं जिल्हा व सत्र न्यायालयात लघुलेखिका होते. न्यायाधीश निकाल सांगायचे, मी तो वहीत उतरवून घ्यायची आणि मग टंकायची. नुसत्या खुनाच्या खटल्यांचे निकाल दोनशेच्या वर भरतील. सरकारी वकील मी फार जवळून पाहिले. त्यात अभ्यासू होते, नुसत्या ओळखीवर आलेले होते आणि दमून गेलेलेही होते. त्या अधिकाराने हे पत्र लिहिते आहे. ते लांबलं आहे, याची जाणीव आहे. काटछाट करावी लागली तर पहिल्या भागात करावी, शेवटचा भाग ठेवावा, एवढी विनंती.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे न्यूयॉर्कला होते. २१ जुलैला रॉबर्ट मॉर्गेनथॉ वारले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्यांच्यावर पानंच्या पानं होती. ३१ जुलैला ते शंभर वर्षांचे झाले असते, दहाच दिवस कमी पडले. तोवर त्यांचं नाव मी ऐकलेलं नव्हतं. ३५ वर्षं एकाच ठिकाणी, न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन या भागात, नऊ वेळा निवडून आलेला सरकारी वकील, एवढं वाचलं आणि मी चष्मा पुसून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आमच्या कोर्टात ३१ वर्षांत किती सरकारी वकील आले आणि गेले, ते मला बोटांवर मोजता येणार नाही.

त्याच आठवड्यात जावयांना म्हटलं, मला तिथलं कोर्ट दाखवा. १०० सेंटर स्ट्रीट या पत्त्यावर फौजदारी न्यायालय आहे आणि अटक झालेल्यांना पहिल्यांदा हजर करण्याचं काम तिथे रात्री एक वाजेपर्यंत चालतं. कुणीही जाऊन मागच्या बाकावर बसावं. बसले. माझी नजर आधी गेली ती अर्थातच टंकणाऱ्या बाईंकडे. त्यांच्यापुढे छोटंसं यंत्र होतं, मोजक्याच कळांचं. बोटं जेमतेम हलत होती आणि मान ताठ होती. आमची मान वहीत खुपसलेली असायची. मग लक्ष गेलं सरकार पक्षाकडे. तिशीच्या आतला एक मुलगा, हाताशी फायलींची चळत. एकेका माणसाला चार-पाच मिनिटं. कुणाला सोडलं, कुणाला जामीन, कुणाला पुढची तारीख. माणूस बदलायचा, पण पुकारा तोच, ‘न्यूयॉर्क राज्याची जनता विरुद्ध’ अमुक. आपल्याकडे ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ असं असतं. तिथे जनतेच्या नावाने उभा राहणारा तो मुलगा मात्र निवडून आलेला नव्हता. निवडून येतो एकटा त्याचा साहेब. त्याच्या हाताखाली मॅनहॅटनमध्ये असे पाचशेच्या वर वकील असतात आणि ते सगळे त्याच्या अधिकाराने बोलतात. न्यूयॉर्क शहरात असे पाच साहेब आहेत, शहराच्या पाच भागांचे पाच.

मॉर्गेनथॉ मोठ्या घरचे. आजोबा पहिल्या महायुद्धाच्या काळात तुर्कस्तानात अमेरिकेचे राजदूत होते. आर्मेनियन लोकांची कत्तल चालली आहे हे त्यांनी आपल्या सरकारला वेळेवर कळवलं होतं. वडील अध्यक्ष रूझवेल्ट यांचे अर्थमंत्री. अशा घरातला मुलगा दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेला आणि २० एप्रिल १९४४ ला त्याची विनाशिका, लान्सडेल तिचं नाव, अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ जर्मन विमानांनी बुडवली. ४७ जण गेले. अंधारात पाण्यावर तरंगताना, वाचलो तर आयुष्याचं काही चांगलं करीन, असा शब्द देवाला दिला होता, असं ते पुढे नेहमी सांगत. युद्धानंतर येलमधून कायद्याची पदवी, मग खासगी वकिली, आणि १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडींनी त्यांना न्यूयॉर्कच्या दक्षिण विभागाचे केंद्रीय सरकारी वकील नेमलं.

‘नेमलं’ हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्या लेखकाचा मुद्दा इथे खराच ठरतो. नेमणुकीच्या खुर्चीवर मॉर्गेनथॉ आठ-नऊ वर्षं बसले. मधे १९६२ मध्ये राजीनामा देऊन गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली आणि रॉकफेलर यांच्याकडून हरले. ती सोडली तर सलग. तिथे त्यांनी बड्या लोकांच्या आर्थिक गुन्ह्यांमागे लागायचं धोरण धरलं. रॉय कोन नावाच्या वजनदार वकिलावर तीन खटले झाले आणि तिन्हींत तो सुटला. हा वैयक्तिक डूख होता, असं कोन म्हणत राहिला. इतक्यांदा अपयश आलं की डूख असो वा नसो, माणसं तसं बोलणारच. मग १९६९ मध्ये निक्सन अध्यक्ष झाले. राजीनामा द्या, असा निरोप आला. यांनी चालू तपासांचं कारण सांगून नकार दिला, काही महिने ताणून धरलं आणि अखेर जावंच लागलं. आपल्याकडे ज्या तक्रारीवरून हा सगळा वाद सुरू आहे, तीच ही तक्रार.

पुढे १९७४ मध्ये ते मॅनहॅटनमधून निवडून आले आणि १ जानेवारी १९७५ पासून २००९ संपेपर्यंत कुणी त्यांना हलवू शकलं नाही. भाषणाची हातोटी नव्हती. व्यासपीठावर ते अवघडून जायचे, असं त्यांच्या चाहत्यांनीच लिहून ठेवलं आहे. तरीही लोक निवडून देत राहिले. सुरुवातीला वर्षाला सहाशेच्या वर खून व्हायचे ते मॅनहॅटन, आणि ते निवृत्त झाले तेव्हा साठच्या आसपास खून होणारं मॅनहॅटन, हा फरक मतदारांना दिसत होता. अर्थात त्याचं श्रेय एका माणसाला देणं चूक आहे. त्या काळात खून सगळ्या अमेरिकेतच कमी झाले.

त्यांनी काय काय चालवलं ते सांगत बसले तर पुरवणी भरेल. बी. सी. सी. आय. या बँकेचा घोटाळा १९९१ मध्ये त्यांनी उघड्यावर आणला. बँक लंडन-लक्झेंबर्गची, पण पैसा न्यूयॉर्कमधून फिरतो एवढा धागा त्यांना पुरला. टायको कंपनीचा मुख्य अधिकारी कंपनीच्या पैशावर ऐश करत होता, त्याला २००५ मध्ये शिक्षा झाली. १९९८ मध्ये तर त्यांनी एका संग्रहालयात प्रदर्शनासाठी आलेली एगॉन शीले या चित्रकाराची दोन चित्रं अडवली, नाझींनी ज्यू कुटुंबांकडून बळकावलेली असावीत म्हणून. वरच्या कोर्टात ते हरले, पण केंद्र सरकारने त्यातल्या एका चित्राचा पाठपुरावा केला आणि २०१० मध्ये मूळ मालकिणीच्या वारसांना १ कोटी ९० लाख डॉलर मिळाले. १९७९ मध्ये त्यांनी एका तरुण मुलीला आपल्या कचेरीत नोकरी दिली. ती सोनिया सोटोमायॉर. ३० वर्षांनी ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाली.

टीकाही होती आणि ती पोकळ नव्हती. १९८३ मध्ये मायकेल स्ट्यूअर्ट नावाचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसांच्या ताब्यात असताना जखमी होऊन मेला. पोलिसांवर खटला झाला, सगळे सुटले, आणि मॉर्गेनथॉ यांच्या कचेरीने जोर लावला नाही, असं कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये बोललं गेलं. १९८५ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत सी. व्हर्नन मेसन हे कृष्णवर्णीय वकील त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. हरले, पण उभे राहिले. एवढं मात्र निवडणुकीमुळे घडतं, हे मी कबूल करते. आपल्याकडे जिल्हा सरकारी वकिलाच्या कामाचा जाब विचारायला कुणी कुठे उभं राहत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

१९ एप्रिल १९८९ च्या रात्री सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या २८ वर्षांच्या एका बाईवर बलात्कार झाला. तिला मरणाच्या दारात टाकून हल्लेखोर पळाला. ती जगली, पण त्या रात्रीचं तिला काही आठवत नव्हतं. त्या रात्री पार्कमध्ये मुलांचा एक घोळका दंगा करत होता. पोलिसांनी त्यातली मुलं धरली. पाच जणांवर बलात्काराचा आरोप आला. वयं १४, १४, १५, १५ आणि १६. चार कृष्णवर्णीय, एक लॅटिनो. शहर पेटलं होतं. डोनाल्ड ट्रम्प तेव्हा बांधकाम व्यावसायिक होते. त्यांनी चार वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, फाशीची शिक्षा परत आणा म्हणून. खटले १९९० मध्ये चालले. पाचही जण दोषी ठरले.

पुरावा काय होता? कबुलीजबाब. तासन्‌तास पोलीस ठाण्यात बसवून ठेवल्यानंतर दिलेले. चौघांचे तर सरकारी वकिलांच्या कचेरीने स्वतः कॅमेऱ्यासमोर नोंदवलेले. बाईंच्या अंगावर आणि कपड्यांवर सापडलेलं वीर्य पाचांपैकी एकाचंही नव्हतं, आणि हे खटल्याच्या वेळीच माहीत होतं. आणखी कुणी तरी सोबत होता, तो निसटला, असं सरकार पक्षाने सांगितलं आणि ज्यूरीने ते मानलं.

हे वाचताना माझा हात थांबला. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम २५, नव्या कायद्यातही ते कायम आहे. कबुलीजबाब घ्यायचा तर दंडाधिकाऱ्यापुढे, तोही ‘तुझ्यावर सक्ती नाही, हे तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल’ असं बजावून. तरुण वकील कंटाळून जायचे, एवढ्यांदा ते वाक्य मी टंकलं आहे. त्या कंटाळवाण्या वाक्याची किंमत मला न्यूयॉर्कमध्ये, लेकीच्या जेवणाच्या टेबलावर बसून कळली. पाचांपैकी चौघांनी सहा-सात वर्षं काढली. सोळा वर्षांचा कोरी वाइझ मोठ्यांच्या तुरुंगात गेला आणि बाहेर आला तेव्हा सुमारे १३ वर्षं झाली होती.

२००२ मध्ये मटीआस रेयेस नावाच्या कैद्याने तुरुंगातून कबूल केलं, ते मी केलं, एकट्याने केलं. हा आधीच खून आणि बलात्कारांसाठी जन्मठेप भोगत होता. तपासणी झाली तेव्हा वीर्य त्याचंच निघालं. त्या घटनेच्या दोनच दिवस आधी त्याच पार्कमध्ये त्याने आणखी एका बाईवर हल्ला केला होता.

इथे मॉर्गेनथॉ ८३ वर्षांचे आहेत, हे लक्षात घ्या. त्यांचं नाव, त्यांची कचेरी, त्यांच्याच कारकिर्दीतला सगळ्यात गाजलेला खटला. गप्प बसायला कारणं पुष्कळ होती. रेयेस गुन्हेगार, त्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? मुलांची या खटल्यातली शिक्षा भोगून झालेलीच होती. मुदत संपल्यामुळे या गुन्ह्यासाठी रेयेसवर खटलाही भरता येत नव्हता, म्हणजे हाती नवी शिक्षा लागणार नव्हती. पोलीस खातं तर उघड विरोधात. आरोपींच्या वकिलांनी अर्ज केला होता. त्याला विरोध करणारं चार ओळींचं उत्तर दाखल केलं असतं तर कुणी फार काही म्हटलं नसतं. असं चार ओळींचं उत्तर किती सहज टंकता येतं, ते मला ठाऊक आहे.

त्यांच्या कचेरीने फाइल पुन्हा उघडली. नॅन्सी रायन या त्यांच्या ज्येष्ठ सहकारी वकील. त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने सगळा तपास नव्याने केला आणि ५ डिसेंबर २००२ ला कोर्टात ५८ पानांचं निवेदन दाखल केलं. सही रायन यांची, अधिकार मॉर्गेनथॉ यांचा. तो कागद मी लेकीकडून छापून घेतला आणि आठ दिवस शब्दकोश घेऊन वाचला. टिपणं लघुलिपीत काढली, सवयच तशी. त्यात रडारड नाही की भाषणबाजी नाही. एकेका मुलाचा जबाब घेऊन तो दुसऱ्याच्या शेजारी ठेवला आहे. हल्ला कुणी सुरू केला, खाली कुणी पाडलं, कपडे कुणी काढले, मारलं कुणी, कशाने, केव्हा. जवळपास प्रत्येक महत्त्वाच्या तपशिलात एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. हे जबाब १९८९ पासून त्याच कचेरीच्या कपाटात होते. एकही ओळ नव्याने लिहिलेली नव्हती. १३ वर्षांनी ते शेजारी शेजारी ठेवून कुणी तरी वाचले, एवढंच झालं.

त्या कागदाच्या शेवटी सरकार पक्षाची शिफारस आहे, पाचांचे सगळेच दोषनिर्णय रद्द करावेत. त्याच रात्री पार्कमध्ये इतरांवर झालेल्या हल्ल्यांबद्दलचेसुद्धा. १९ डिसेंबर २००२ ला न्यायाधीश चार्ल्स तेहादा यांनी ते रद्द केले. पोलीस खात्याने स्वतःची समिती नेमली आणि पुढच्याच महिन्यात त्या समितीने मुलांचा हात असावा असं म्हटलं. वाद संपला नाही. शहराने २०१४ मध्ये पाचांना मिळून ४ कोटी १० लाख डॉलर दिले. त्यातला युसेफ सलाम, तेव्हा पंधरा वर्षांचा होता, तो २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या महापालिकेवर हार्लेममधून निवडून आला.

मॉर्गेनथॉ यांना या प्रकरणात थोर ठरवायला मी हा कागद घेतलेला नाही. चूक त्यांच्याच कचेरीची होती. जबाब न जुळणं १९९० मध्येही दिसत होतं, वीर्याचा अहवाल १९९० मध्येही होता. पाच मुलांची पोरवयं त्यात गेली आणि ती कोणत्याही कागदाने भरून येत नाहीत. माझं म्हणणं एवढंच की चूक झाल्यावर ती आपल्याच लेटरहेडवर लिहून, आपल्याच शिक्क्याने कोर्टात नेऊन देता येते. मी ३१ वर्षांत हे एकदाही पाहिलं नाही.

मग हे निवडणुकीमुळे झालं का? मला नाही वाटत. १९८९ मध्ये मतपेटीला विचारलं असतं तर ती मुलं कधीच सुटली नसती. शेजारच्या ब्रॉन्क्समध्ये काय झालं ते पाहा. १९९५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने फाशी परत आणली. मॉर्गेनथॉ यांनी जाहीर लेख लिहून विरोध केला आणि शेवटपर्यंत एकदाही फाशी मागितली नाही. ब्रॉन्क्सचे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी रॉबर्ट जॉन्सन हेही विरोधक, तेही निवडून आलेले. १९९६ मध्ये एका पोलिसाचा खून झाला. जॉन्सन फाशी मागणार नाहीत असं दिसताच गव्हर्नर पटाकी यांनी ती केस त्यांच्याकडून काढून राज्याच्या महाधिवक्त्याकडे दिली, आणि पुढच्या वर्षी वरिष्ठ न्यायालयाने हे वैध ठरवलं. म्हणजे निवडून आलेल्याच्याही हातातून फाइल जाते. दुसरीकडे ब्रुकलिनमध्ये २०१३ मध्ये मतदारांनीच वीसेक वर्षं पदावर असलेल्या चार्ल्स हाइन्स यांना घरी पाठवलं. चुकीच्या शिक्षा हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. त्यांच्या जागी आलेल्या केनेथ थॉम्पसन यांनी जुने खटले तपासणारं पथक वाढवलं आणि वीसहून अधिक दोषनिर्णय रद्द करून घेतले. २०१६ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, ते कर्करोगाने गेले. मतदार दोन्ही बाजूंना ढकलू शकतात, हाच माझा अनुभव वाचनातून झाला.

एक नाव मात्र लेखकांनी जरूर शोधावं, टेक्सासमधल्या डॅलसचे क्रेग वॉटकिन्स. ज्या कचेरीने त्यांना तरुणपणी नोकरी नाकारली, तिथेच ते २००६ मध्ये मुख्य म्हणून निवडून आले. टेक्सासमधले पहिले कृष्णवर्णीय डिस्ट्रिक्ट ॲटर्नी. २००७ मध्ये त्यांनी कचेरीतच एक विभाग काढला, त्याचं काम फक्त जुने निकाल पुन्हा तपासायचे. डॅलसच्या प्रयोगशाळेने जुने नमुने फेकून न देता जपून ठेवले होते, म्हणून डीएनए तपासता आला आणि एकामागून एक माणसं बाहेर आली. कुणी २०, कुणी २५ वर्षांनी. वॉटकिन्स २०१४ ची निवडणूक हरले, २०२३ मध्ये वारले. विभाग राहिला. अमेरिकेत पुढे अनेक शहरांनी तो उचलला.

नमुने जपून ठेवले, या वाक्यावर मी पुन्हा पुन्हा जाते. आमच्याकडे मुद्देमालाची खोली होती. पावसाळ्यात तिथे ओल यायची, उंदीर होते, गोण्यांवरची लेबलं गळून पडायची. ती खोली सांभाळणारे नाझर कंटाळून म्हणायचे, निकाल लागला ना, अपिलाची मुदत गेली ना, मग लावा विल्हेवाट. नियमाप्रमाणे बरोबरच होतं ते.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. कोर्टाचं नाव लिहीत नाही, माणसांची तर नाहीच. नव्वदच्या दशकातला खटला. मळ्यात कामाला असलेला एक गडी, मालकाच्या नातलगाच्या खुनाचा आरोप. प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी नाही. सगळी भिस्त एका जप्तीवर, आरोपीने दाखवल्यावरून काढलेली विळती. जप्तीच्या वेळी साक्षीदार म्हणून हजर असलेला पंच कोण? मी नाव उतरवून घेताना हात अडखळला. हा माणूस याआधी निदान तीन खटल्यांत पंच म्हणून येऊन गेला होता. तेच नाव, तोच पत्ता, तीच ठरलेली वाक्यं. उलटतपासणीत बचावाच्या वकिलांना हे सुचलं नाही. विधी सेवेतून मिळालेला नवखा मुलगा होता तो. जन्मठेप झाली. निकाल मीच टंकला, ४१ पानं.

दुपारी चहाच्या वेळी सरकारी वकील साहेब जिन्यात भेटले. भला माणूस. माझ्या मुलीच्या दहावीच्या वेळी त्यांनी स्वतःची पुस्तकं दिली होती. मी म्हटलं, साहेब, तो पंच नेहमीचा होता ना? ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, “बाई, मला माहीत होतं. पण केस माझ्याकडे आली, ती चालवायची. आता सांगू कुणाला? सांगायची जागा कुठे आहे?”

हे त्यांनी पळवाट म्हणून म्हटलं असेलही. पण खोटं नव्हतं ते. खटला चालू असताना तो मागे घेण्याची तरतूद कायद्यात आहे, कोर्टाच्या परवानगीने. निकाल लागल्यावर मात्र अपील आरोपीने करायचं, वकील आरोपीने शोधायचा, पुरावा आरोपीने खोडायचा. सरकार पक्षाला नंतर काही खटकलं तर ते घेऊन जायला एखादं टेबल, एखादा अर्जाचा नमुना, एखादी आवक-नोंदवही मी पाहिली नाही. आणि मी तरी कुठे गेले? लघुलेखिकेने काय ऐकलं हे लघुलेखिकेने बोलायचं नसतं, असं आम्हाला शिकवलेलं. मी ते पाळलं. आजही रात्री कधी कधी तो पंच डोळ्यांपुढे येतो, पांढरी टोपी, खिशाला पेन.

सात वर्षांनी उच्च न्यायालयाने तो गडी निर्दोष सोडला. पंचाबद्दल दोन परिच्छेद होते, मी ते वाचले. नंतर एक दिवस तो स्वतः नक्कल विभागात आला, आमच्या कोर्टाच्या जुन्या निकालाची नक्कल हवी म्हणून. मी तिथे दुसऱ्या कामासाठी गेले होते. ओळखायला वेळ लागला, केस पूर्ण पिकलेले. कारकुनाने विचारलं, सुटलास ना, मग जुनी नक्कल कशाला? तो म्हणाला, उच्च न्यायालयाचा कागद आहे माझ्याकडे, पण गावात तो कुणी वाचत नाही. हा वाचतात. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून दाखवायचे आहेत.

संपादक महोदय, निवडणूक हवी की नेमणूक, यावर भांडायला माणसं पुष्कळ मिळतील. माझी मागणी लहान आहे. राज्याच्या अभियोग संचालनालयात एक कक्ष असावा, निवृत्त न्यायाधीश, दोन ज्येष्ठ वकील आणि न्यायवैद्यकातला एक जाणकार एवढ्यांचा. जन्मठेपेच्या जुन्या प्रकरणांत सरकारी वकिलाला, तपास अधिकाऱ्याला, तुरुंग अधीक्षकाला किंवा कोर्टातल्या लघुलेखिकेला काही खटकलं असेल, तर ते लिहून पाठवायचा पत्ता असावा. पाठवणाऱ्याची नोकरी सुरक्षित राहावी. मुद्देमालातले जैविक नमुने शिक्षा भोगून होईपर्यंत ठेवावेत, त्यासाठी कोरडी खोली द्यावी. आणि त्या कक्षाला चूक दिसली, तर सरकार पक्षाने स्वतः कोर्टात जाऊन तसं सांगावं.

माझ्या लघुलिपीच्या वह्यांपैकी ती एक वही माझ्याकडे आहे. निवृत्तीच्या वेळी कपाट रिकामं करताना बाकी सगळ्या जमा केल्या, ती राहिली. नियमाने ती माझ्याकडे असायला नको होती. त्या पंचाची साक्ष तिच्यात पान १७ पासून आहे. तसा कक्ष झाला, तर ती मी स्वतः वाचून देईन. माझी लघुलिपी दुसऱ्या कुणाला लागणार नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त लघुलेखिका, जिल्हा व सत्र न्यायालय
(नाव व गाव कृपया प्रसिद्ध करू नये.)